करारात नसलेलं भाडं

इथे आल्यावरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. नवरा ऑफिसला गेला होता, घरात दूध संपलं होतं आणि फोनवरचा नकाशा सांगत होता की दुकान अडीच किलोमीटरवर आहे. कोथरूडात वाढलेल्या बाईला अडीच किलोमीटरचं काय अप्रूप? पिशवी घेतली आणि निघाले. कॉम्प्लेक्सच्या आत छान सिमेंटचा फुटपाथ होता. बाहेर पडल्यावर तो शंभरेक पावलं माझ्याबरोबर आला आणि मक्याच्या शेताच्या कडेला एकदम संपला. पुढे रस्त्याची पांढरी रेघ, रेघेबाहेर हातभर डांबर, मग खडी, मग गवताचा उतार. परतताना दुधाचा गॅलनचा कॅन या हातातून त्या हातात घेत चालले होते, तेवढ्यात मागून एक पिकअप येऊन थांबला. आत एक म्हातारे गृहस्थ. काच खाली करून त्यांनी अगदी काळजीने विचारलं, "गाडी कुठे बंद पडली तुमची?"

मला गाडीच नसेल, ही शक्यता त्या भल्या माणसाला सुचलीच नव्हती. पुढे कळलं की गावालाही ती कधी सुचलेली नाही.

गाव म्हणजे इंडियाना राज्यातलं कोलंबस. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, आपल्याकडे तालुक्याचं ठिकाण म्हणावं एवढी. पुणेकरांना हे नाव अगदीच परकं नाही, कारण कमिन्स कंपनी इथली, १९१९ सालची. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत तिने पुण्यात बस्तान बसवलं, पुढे कर्वेनगरला मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेजही तिच्या नावाने निघालं, आणि तो धागा धरून कितीतरी मराठी घरं या मक्याच्या शेतांमध्ये येऊन पोचली. आल्यावर पहिलं बिऱ्हाड मांडायचं ते अपार्टमेंटमध्ये. नव्यांना आम्ही देतो ते सल्ले ठरलेले असतात: लीज शेवटच्या पानापर्यंत वाच, शिरताना भिंतींचे फोटो काढून ठेव, वॉशर-ड्रायर घरात आहे का ते बघ, डिपॉझिट ४५ दिवसांत परत मिळालं पाहिजे असा इथला कायदा आहे. सगळे सल्ले उपयोगी. पण खर्चातला एक मोठा तुकडा लीजच्या कुठल्याच पानावर नसतो, आणि त्याबद्दल आम्ही बोलतही नाही. गाडी हे अशा गावातलं दुसरं भाडं आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे दुसरं भाडं आभाळातून पडलेलं नाही. गावाने स्वतःचे नियम करून ते भाडेकरूच्या माथी मारलंय, आणि ठरवलं तर गावाला ते कमीही करता येईल.

आधी आमचा हिशोब सांगते. वन बेडरूमचं भाडं १,०७५ डॉलर. क्रेडिट हिस्टरी शून्य, म्हणून जुन्या गाडीच्या कर्जावरही व्याज चढं, हप्ता ३१८. अमेरिकेत गाडी चालवल्याचा अनुभव शून्य, म्हणून विमाही चढा, १४६. पेट्रोल ८५ च्या घरात. झाले ५४९, आणि टायर, ऑइल, नोंदणी वेगळी. भाड्याच्या निम्म्याहून जास्त, तेही दहा वर्षं जुन्या गाडीसाठी. नवी गाडी बाळगायचा खर्च ट्रिपल-ए ही इथली वाहनचालकांची संघटना दर वर्षी काढते. घसारा वगैरे सगळं धरून २०२४ चा तिचा आकडा वर्षाला १२,००० डॉलरांच्या वर आहे. महिन्याला हजार, म्हणजे जवळपास आमच्या भाड्याएवढाच.

लीजिंग ऑफिसातली मुलगी गोड बोलायची. तिने पगाराच्या स्लिपा मागितल्या, कारण मासिक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावं लागतं. ओळखपत्र मागितलं, अर्जाची फी घेतली, कुत्रं-मांजर आहे का विचारलं. गाडीबद्दल तिचा प्रश्न एकच होता: "एक की दोन?"

उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत घरखर्च असला की परवडतं, असा अमेरिकन सरकारी धोरणाचा ठोकताळा आहे. शिकागोची सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था बरीच वर्षं सांगते आहे की नुसतं घर मोजून उपयोग नाही, जाण्यायेण्याचा खर्चही त्यात धरा, आणि दोन्ही मिळून ४५ टक्क्यांच्या आत असेल तरच परवडतं म्हणा. हा निकष लावून बघू. तासाला १८ डॉलर मिळवणारा माणूस, आठवड्याचे चाळीस तास, वर्षभर एकही खाडा नाही. महिन्याला ३,१२० डॉलर. तिपटीच्या नियमाने त्याला १,०४० चं घर मिळतं. लीजिंग ऑफिसच्या लेखी तो पास. त्यात आमच्यासारख्या जुन्या गाडीचे ५४९ मिळवा: १,५८९. उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर, आणि अजून कर कापलेला नाही.

हा माणूस मी कागदावर बनवलेला नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहायची, वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करणारी. तिची पाळी सकाळी सहाची. एका नोव्हेंबरमध्ये तिच्या गाडीचा अल्टरनेटर गेला. मेकॅनिकने चार दिवस सांगितले. दोन पाळ्या बुडाल्या, तिसऱ्या दिवशी टॅक्सीला एवढे पैसे गेले की त्यापेक्षा घरी बसणं स्वस्त पडलं असतं. दुरुस्तीचं बिल भाड्याच्या पैशातून गेलं, भाडं उशिरा गेलं, उशिराबद्दल दंड लागला, तो पुढच्या महिन्यावर चढला. इंडियानात भाडं थकलं की दहा दिवसांची नोटीस पुरते. त्या बाईवर तशी वेळ आली नाही, तिची बहीण मदतीला आली. पण मी ते सगळं वरच्या मजल्यावरून बघितलंय. तळहाताएवढ्या एका पार्टपायी माणसाचं घर जाऊ शकतं, ही गोष्ट तिथे कुणालाही विचित्र वाटत नव्हती; पार्किंगमध्ये उभं राहून लोक अल्टरनेटरबद्दलच बोलत होते.

माझी स्वतःची गोष्ट त्यामानाने सुखवस्तू आहे, तरी सांगते, कारण ती इथल्या अर्ध्या मराठी बायकांची आहे. पुण्यात मी अठराव्या वर्षापासून अ‍ॅक्टिव्हावर फिरले. तोंडाला स्कार्फ, डिकीत रेनकोट, आणि रात्री साडेनऊला क्लास सुटला तरी घरी कुणाला फोन करायची गरज नाही. इथे एच-फोर व्हिसावर आले, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या बायकोला मिळतो त्यावर. नोकरी करायची परवानगी नाही (२०१५ नंतर काही जणींना मिळते, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं गाडं बरंच पुढे सरकल्यावर). लायसन्ससाठी लेखी परीक्षा, मग गाडी चालवून दाखवायची, आणि सरावाला गाडी एकच, ती दिवसभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये. पहिले सात महिने मी भाजी आणायलासुद्धा नवऱ्याच्या वेळेवर जगले. फोनवर आई विचारायची, "आज कुठे जाऊन आलीस?" मी सांगायचे, "बाल्कनीत." दोघी हसायचो. नंतर नंतर आई विचारेनाशी झाली.

याला आमच्याकडे "सुरुवातीचे दिवस" म्हणतात आणि सोडून देतात. माझा आक्षेप त्या सोडून देण्यालाच आहे.

माझी आजी सदाशिव पेठेतल्या वाड्यात बिऱ्हाडकरू होती. दोन खोल्या, सामायिक नळ, संडाससाठी रांग. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही, आजीही कधी गात नसे. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेत आपोआप होती. मालक आणि बिऱ्हाडकरू एकाच बोळात राहत. मालकाला जेवढी मंडई जवळ, तेवढीच भाडेकरूला. शाळा, दवाखाना, पोस्ट, देऊळ या सगळ्यांचं अंतर दोघांना सारखंच. गरीब असल्याची शिक्षा खोली लहान असण्यात मिळायची, अंतरात मिळत नसे.

अमेरिकेतल्या छोट्या गावांनी हे उलटं केलं, आणि तेही कायद्याने. जमिनीचे पट्टे पाडून कुठे फक्त एकेकट्या कुटुंबाची घरं, कुठे दुकानं, कुठे अपार्टमेंट हे ठरवायचा अधिकार नगरपालिकांना आहे, यावर १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती सदरलंड यांनी अपार्टमेंटच्या इमारतीला काय म्हटलंय माहीत आहे? पुष्कळदा ती निव्वळ बांडगूळ असते, शेजारच्या घरांनी तयार केलेल्या मोकळ्या जागेवर आणि शोभेवर पोसलेली. तो निकाल आज शंभरीला आला, पण बांडगुळाला वस्तीपासून लांब ठेवायची वृत्ती अजून तशीच ठणठणीत आहे. म्हणून असल्या गावांत अपार्टमेंट सापडतात ती हायवेच्या उताराजवळ, गोदामांच्या मागे, नाहीतर शेत संपतं तिथे. जमीन स्वस्त आणि तक्रार करायला शेजारी नाहीत. ज्याच्याकडे दुसरी गाडी घ्यायची ऐपत सगळ्यात कमी, त्याला गावाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला नेऊन ठेवायचं, असा हा प्रकार.

कोलंबसच्या बाबतीत हे जास्त खुपतं, कारण या गावाला इमारतींची खरी जाण आहे. कमिन्सचे प्रमुख अर्विन मिलर यांनी १९५० च्या दशकात गावापुढे प्रस्ताव ठेवला: सार्वजनिक इमारत चांगल्या वास्तुविशारदाकडून करून घ्या, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन देईल. त्यातून शाळा झाल्या, फायर स्टेशनं झाली. त्याच्याही आधी, १९४२ साली, एलिएल सारिनेननी चर्च बांधलं होतं. १९६९ साली आय. एम. पेईंनी वाचनालय बांधलं, त्याच्यापुढे शिल्पकार हेन्री मूरची कमान उभी आहे. वास्तुकलेसाठी अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने या चिमुकल्या गावाला एकदा देशात सहावा क्रमांक दिला होता, शिकागो, न्यूयॉर्क अशांच्या पंगतीत. लांबून लोक बसने हे बघायला येतात. त्या वाचनालयात मी माझे कंटाळ्याचे कितीतरी तास काढलेत, अर्थात नवऱ्याने ऑफिसला जाताना सोडलं त्या दिवशी. साध्या विटांची ती भली थोरली इमारत, आत थंडावा, समोर मोकळा चौक. ज्या गावाने मुलांच्या शाळेसाठी देशातले उत्तम वास्तुविशारद बोलावले, त्याच गावात मी राहत होते त्या अपार्टमेंटपासून बसस्टॉपपर्यंत पाय ठेवायला सलग फरशी नव्हती.

बस आहे, बरं का. आम्ही आलो तेव्हा ती साधारण तासाला एक असायची, संध्याकाळी लवकर संपायची आणि रविवारी नसायची. ती रिकामी धावते, मग वाढवायची कशाला, हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय. पण माझ्या शेजारणीची पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची, कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीची माणसं रात्री सुटतात, आणि दुकानात ट्रॉली भरून सामान घ्यायला लोक जातात ते रविवारी. माणसांना जायचंय तेव्हा नसलेली बस, ती असते तेव्हा रिकामीच दिसणार. सगळ्या गावभर दर दहा मिनिटांनी बस फिरवा असं मी म्हणत नाही. पन्नास हजार वस्तीत ते होणार नाही हे मलाही कळतं. दोन मोठ्या अपार्टमेंटच्या वस्त्या, इस्पितळ, मोठं दुकान आणि डाउनटाउन यांना जोडणारी एकच बस पहाटे पाच ते रात्री अकरा चालवली, तरी कितीतरी घरांत दुसरी गाडी घ्यावी लागणार नाही. पहिली राहील. राहू दे.

आता पार्किंग. इथल्या बहुतेक गावांच्या नियमांत प्रत्येक अपार्टमेंटमागे किती गाड्यांची जागा सोडायची हे लिहिलेलं असतं. दीड, दोन असे आकडे सर्रास दिसतात. एका गाडीची चौकट नऊ बाय अठरा फूट, म्हणजे १६२ चौरस फूट. आतबाहेर करायचा रस्ता धरला की तीनशेच्या वर. सातशे चौरस फुटांच्या घरामागे गाड्यांनाच सहाशे! रात्री झोप न येण्याच्या काळात मी एकदा आमच्या कॉम्प्लेक्समधल्या गाड्या मोजल्या होत्या. मंगळवारी, अकरा वाजून गेल्यावर, म्हणजे सगळी घरी असताना. १८० चौकटींपैकी ६४ रिकाम्या. त्या ६४ चौकटींचं डांबर, त्यांचे दिवे, हिवाळ्यात त्यांच्यावरचा बर्फ काढायचं कंत्राट, हे सगळं ११६ गाड्यावाल्यांच्या आणि गाडी नसलेल्यांच्याही भाड्यात होतं. लॉस एंजेलिसचे प्राध्यापक डोनाल्ड शुप हे गणित जन्मभर मांडत राहिले. २०२५ मध्ये ते गेले, तोवर बऱ्याच गावांनी त्यांचं ऐकायला सुरुवात केली होती.

इथे मी एक कबूल केलं पाहिजे. शुप यांचं गणित लॉस एंजेलिसात जेवढं टोचतं तेवढं कोलंबसात टोचत नाही, कारण इथे जमीन स्वस्त आहे. चौकटी कमी केल्या म्हणून भाडं धाडकन उतरेल असं मी सांगणार नाही. नुकसान होतं ते अंतराचं. एवढं डांबर पसरायचं तर इमारत डाउनटाउनमधल्या तुटपुंज्या प्लॉटवर बसतच नाही. तिला शेतच गाठावं लागतं. म्हणजे पार्किंगचा नियमच इमारतीला गावाबाहेर ढकलतो, आणि गावाबाहेर गेल्यावर पार्किंग लागतंच. मग लोक म्हणतात, बघा, पार्किंगची गरज आहेच की.

या चक्रातून बाहेर पडलेली गावं काही फक्त मोठी नाहीत. बर्फात गाडल्या जाणाऱ्या बफेलोने २०१७ मध्ये शहरभरच्या सक्तीच्या पार्किंगला रजा दिली. आर्कान्सामधल्या फेएटव्हिलने २०१५ मध्ये व्यापारी इमारतींपुरती ती काढली. आयडाहोतलं सँडपॉइंट तर दहा हजारांच्या आतलं गाव, त्याने २००९ मध्येच आपल्या डाउनटाउनपुरती काढली. यात गाड्यांवर बंदी कुठेच नाही. बांधणाऱ्याला वाटलं तर त्याने शंभर चौकटी आखाव्यात. गावाने त्याच्यावर जबरदस्ती करू नये, इतकंच. शिवाय घराचं भाडं आणि चौकटीचं भाडं वेगवेगळं लावलं तर एकाच गाडीत भागवणाऱ्याला त्याचा फायदा दिसेल तरी.

पुण्याला गेले की हे सगळं मला परत भेटतं. हिंजवडीच्या पलीकडे एका टाउनशिपमध्ये माझी मावसबहीण भाड्याने राहते. पोहण्याचा तलाव आहे, क्लब हाउस आहे, दोन मजली पार्किंग आहे. बाहेर पडायला मात्र स्वतःची गाडी, नाहीतर येईन-न येईन म्हणणारी कॅब. तिचं भाडं कोथरूडपेक्षा कमी आहे म्हणून ती तिकडे गेली. महिन्याला प्रवासावर काय जातं ते तिने अजून मोजलेलं नाही, आणि मीही तिच्या हातात कागद-पेन दिलेलं नाही. सणासुदीला कशाला.

आता सगळ्यात अवघड भाग, कारण तो आमच्याबद्दल आहे. मराठी माणूस इथे अपार्टमेंटमध्ये दोन-तीन वर्षं काढतो. तेवढ्यात क्रेडिट तयार होतं, दुसरी गाडी येते, मग सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे स्वतंत्र घरांच्या वसाहतीत, घर. आम्हीही तेच केलं. आमच्या मागे सोयाबीनचं शेत आहे, आणि संध्याकाळी ते फार सुंदर दिसतं. गेल्या महिन्यात आमच्या सबडिव्हिजनच्या ग्रुपवर बातमी आली की त्या शेताच्या रस्त्याकडच्या बाजूला तीन मजली अपार्टमेंट बांधायची परवानगी कुणीतरी मागितली आहे. हे शेत शाळेला लागून आहे. मोठं दुकान तिथून चालत दहा मिनिटं, आणि रस्त्याला दोन्ही बाजूंनी फुटपाथ. अपार्टमेंटसाठी यापेक्षा योग्य जागा गावात शोधून सापडायची नाही.

दोन तासांत विरोधाच्या अर्जाचा मसुदा फिरू लागला. ट्रॅफिक वाढेल. शाळेवर ताण येईल. घरांच्या किमती पडतील. आणि मग कुणाचं तरी ते नेहमीचं वाक्य, "भाड्याने राहणारे लोक जागेची काळजी घेत नाहीत." हे वाक्य ज्यांनी लिहिलं ते सहा वर्षांपूर्वी आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, आमच्यासमोरच्या दारात राहत होते. त्यांच्या बायकोने मला पहिल्यांदा गाडीतून भाजी आणायला नेलं होतं. माणसं वाईट नाहीत. पायरी चढल्यावर खालची पायरी दिसेनाशी होते, एवढंच झालंय, आणि मलाही सोयाबीनचं शेत आवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

ट्रॅफिकचं म्हणाल तर गाड्या वाढतीलच. पण तीच माणसं हायवेच्या उताराजवळ राहायला गेली तर मुलांना शाळेत सोडायला याच रस्त्यावर गाडी घेऊन येणार. शेताच्या कडेला राहिली तर त्यातली काही मुलं चालत येतील. किमतींबद्दल ज्यांना काळजी आहे त्यांनी एकदा आपल्या मुलाबाळांचा विचार करावा. ती कॉलेज संपवून याच गावात नोकरीला आली तर पहिल्या वर्षी घर विकत घेणार आहेत का?

अर्जावर आतापर्यंत एकेचाळीस नावं आहेत, त्यांत चार मराठी. माझ्या नावापुढची जागा रिकामी बघून दोघींनी वेगळा मेसेज पाठवला, "राहून गेलं का गं?" राहून गेलेलं नाही, असं मी दोघींनाही कळवलंय. सुनावणी संध्याकाळी आहे. माझ्या जुन्या शेजारणीला, त्या अल्टरनेटरवाल्या बाईला, मी फोन केला होता. तिला बोलायचंय. जाताना बस मिळेल, पण सुनावणी संपेपर्यंत शेवटची बस निघून गेलेली असेल, म्हणून तिला आणायला आणि सोडायला मीच जाणार आहे.